मधली खाच

११ मे

वेल्डिंगच्या कांड्या विकणाऱ्या दुकानदाराने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी आजवर कोरीच पडली होती. आजपासून लिहितो. कारण अजिमबद्दल मी घरात बोललो की कस्तुरा उठून भांडी घासायला जाते, आणि शेडमध्ये बोललो की भैरू वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढून घेतो. कागद तरी कुठे उठून जाणार आहे!

माती मोजणी प्रकल्पाच्या हिंजवडी ऑफिसातून मेल आला आहे. देशभरात आणखी चारशे ठिकाणी मोजणी सुरू होणार. तिथे खाचपट्टी कुणाची लावायची, ते यंदाच्या पावसात दोन नमुने शेजारी शेजारी लावून ठरवणार. एक नमुना माझा. दुसरा ‘अजिम इंजिनिअरिंग, चाकण’.

ही डायरी पुढेमागे कुणाच्या हाती लागली तर त्याला कळावं म्हणून लिहितो. पाऊस पडला की उतारावरची किती माती वाहून जाते, हे मोजायला उतारावरच एक पट्टा पत्र्यांनी बंदिस्त करतात. त्यावरचं पाणी माती घेऊन खाली पन्हळीत येतं. सगळं साठवायचं तर विहीर लागेल. म्हणून पन्हळीच्या तोंडाशी माझी खाचपट्टी. स्टेनलेसचा पत्रा, त्यात बारा मिलिमीटरच्या अकरा उभ्या खाचा. दहा खाचांचं पाणी सोडून द्यायचं, फक्त मधल्या खाचेचं टाकीत घ्यायचं. टाकीतला गाळ सुकवून तोलायचा आणि अकराने गुणायचं. अशा दोनशे बारा पट्ट्या बारा वर्षांत माझ्या भोसरीच्या शेडमधून गेल्या, मेघालयापासून राजस्थानपर्यंत. पट्टी गेली की कस्तुराच्या पाकिटातली एक लाल टिकली मी भिंतीवरच्या नकाशावर त्या ठिकाणी लावतो. देशाची माती किती जाते, ते माझ्या खाचांमधून कळतं. हे मी कुणाला सांगत फिरत नाही, पण आहे ते आहे.

अजिम एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे आला. पत्रा कसा धरायचा इथपासून मी शिकवलं. चौदा वर्षं राहिला आणि तीन वर्षांपूर्वी चाकणला स्वतःची शेड टाकली. जाताना माझी जुनी कानस घेऊन गेला. चोरली म्हणत नाही. घेऊन गेला.

छातीत जळजळतंय. पित्ताची गोळी घेतली, तरी जळजळतंय.

१४ मे

हिंजवडीला बैठक. दापोडीच्या घरातून निघून पोचायला दोन तास, त्यातला एक तास कंपन्यांच्या कॅबच्या मागे उभा. घामाघूम होऊन पोचलो तर अजिम आधीच तिथे. इस्त्रीचा शर्ट, समोर चहा. प्रकल्पाच्या वर्षाली मॅडम त्याच्या कशालातरी हसत होत्या. मी बारा वर्षांत त्यांना एकदाही हसवलेलं नाही. बाई कामाच्या हुशार, पोरीच्या वयाच्या. मला ‘काका’ म्हणतात आणि त्याला ‘अजिमभाई’. काका म्हणजे ज्याला खुर्ची देतात तो. भाई म्हणजे ज्याला काम देतात तो.

अजिम उठून उभा राहिला. “उस्ताद, बसा. चहा सांगू?”

“मी घेऊन आलोय,” म्हटलं. कुठून घेऊन आलो ते कुणी विचारलं नाही.

ठरलं ते असं. चाकणच्या पलीकडे वासुलीच्या बाजूला एका उतारावर दोन पट्टे आखायचे, एकाच मापाचे, एकाच मातीचे. एकावर माझी पट्टी, दुसऱ्यावर त्याची. पाऊस एकच. सप्टेंबरात निकाल, आणि जी पट्टी खरी ठरेल ती सगळ्या देशात.

अजिम खाचा लेझर मशिनवर कापतो. मशिन कापतं, माणूस बघत उभा राहतो. त्याला कारागिरी म्हणायची असेल तर बसच्या कंडक्टरलाही ड्रायव्हर म्हणा.

निघताना तो जिन्यापर्यंत मागे आला. “उस्ताद, एक बोलायचं हुतं, तुमच्या पट्टीचं.” मी म्हटलं, बैठकीत बोलायचं होतंस. आणि उतरलो.

१७ मे

नमुन्याची पट्टी पूर्ण. अशी पट्टी मी सुद्धा दहा वर्षांत केली नव्हती. अकराच्या अकरा खाचांत बारा मिलिमीटरचं गेज, म्हणजे नेमक्या मापाची पोलादी पट्टी, घालून पाहिलं. ना अडकतं, ना हलतं. रजिस्टरला सही केली. मग नेहमीप्रमाणे मधल्या खाचेवर हात फिरवला.

हे माझं खास. पहिल्या पट्टीच्या वेळी प्रकल्पाच्या जुन्या साहेबांनी मधल्या खाचेवरून बोट फिरवलं आणि ते बारीकशा कंगोऱ्याला अडलं. म्हणाले, “ज्योतीराम, सगळा देश या एका खाचेतून जाणार. इथं गाळ अडकता कामा नये.” तेव्हापासून प्रत्येक पट्टीची मधली खाच मी स्वतः कानशीने साफ करतो. दोन्ही कडांना वीस-वीस हात, वर पॉलिश पेपर. आरशासारखी होते. पुढच्या खेपेला साहेबांनी बोट फिरवलं आणि नुसतं “वा” म्हणाले. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. तो “वा” अजून माझ्याकडे आहे.

भैरू मागून बघत होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, म्हणून बोलतो. “मालक, गेज झाल्यावं पुन्यांदा कानस कशाला?”

म्हटलं, “गेज यंत्रासाठी असतं भैरू. ही शेवटची नजर.”

लेझरला नजर नसते. तिथेच अजिम मार खाणार.

७ जून

बकरी ईद. अजिम दरवर्षीप्रमाणे डबा घेऊन आला, मला आवडतो म्हणून बकरी ईदलाही शीरखुर्म्याचाच. मी आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग घेतलं. कस्तुराशी अर्धा तास गप्पा मारत बसला. तिला तिच्या भावापेक्षा तो जवळचा वाटतो. मला ऐकू येत होतं. “भाभी, उस्ताद फोन का उचलत नाहीत? काम हाय वो, त्यांच्याच कामाचं.”

गेल्या महिन्याभरात त्याचे सात फोन येऊन गेले. मी उचलत नाही. माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असणार.

तो गेल्यावर मी शीरखुर्म्याला हात लावणार नाही म्हटलं. कस्तुरा म्हणाली, “डबा तर नाही ना भांडला तुमच्यासंगं?” आणि वाटी ठेवून गेली. संपवला. चांगला होता. तेही खुपलंच.

२५ जून

जिंकलो! वर्षाली मॅडमचा फोन आला. तीन पाऊस मोजून झाले. तिन्ही वेळा अजिमच्या टाकीत शंभर भरेल एवढी माती, तर माझ्या टाकीत एकशे पाच. उतार तोच, माती तीच, दोन्ही पट्टे तपासून झाले. म्हणजे दोहोंपैकी एक पट्टी चुकते आहे.

कुठली ते सांगायला पंचांग लागत नाही. मी मॅडमना समजावलं: लेझरने कापलेली कड खरखरीत असते. गाळ तिथे चिकटतो आणि टाकीत पोचतच नाही. म्हणून त्याच्याकडे माती कमी.

त्या म्हणाल्या, “काका, तुमचा बारा वर्षांचा अनुभव आहे. एवढं लेखी द्याल का? वर पाठवायला मला आधार लागेल.”

दिलं. तिथल्या तिथे, माझ्या लेटरहेडवर. ‘सदर पट्टी गाळ धरून ठेवते व मोजणीस योग्य नाही.’ खाली सही, शिक्का. अक्षर छान आलं आहे. भैरूला वाचून दाखवलं तर म्हणाला, “त्याच्या पट्टीला गेज लावलं व्हतं का?” भैरूला हल्ली फार प्रश्न पडतात.

३ जुलै

वर्षाली मॅडम वासुलीच्या उतारावर भेटल्या. छत्री धरून त्यांनी मला सगळं सांगितलं. देशातल्या जुन्या सगळ्या ठिकाणी माझ्या पट्ट्या आहेत. नव्या चारशे ठिकाणी त्याच मापाच्या लागल्या नाहीत, तर एका जिल्ह्याची माती दुसऱ्याशी ताडून बघता येणार नाही. जिथे जास्त माती जाते असं दिसेल तिथे बांधबंदिस्तीचा पैसा आधी जातो. “शंभराला पाच हे कमी वाटतं काका,” त्या म्हणाल्या, “पण सगळ्या देशाचं धरलं, तर कागदावर एखाद्या आख्ख्या राज्याच्या मातीचा फरक पडतो.”

अजिमचं काय होणार ते मी सहज म्हणून विचारलं. पट्टी बाद झाली तर त्याचं नाव यादीतून जाणार. त्यानं या कामाच्या भरवशावर दुसरं मशिन घेतलं आहे म्हणे.

वाईट वाटायला हवं होतं. घरी येताना मी शीळ घालत होतो. नाशिक फाट्यापर्यंत घातली, मग थांबवली.

१९ जुलै

आज मॅडमनी दोन्ही पट्ट्यांना गेज लावून बघायला बोलावलं. आनंदाने गेलो. गेज फडक्यात गुंडाळून नेलं होतं.

आधी त्याची पट्टी. पहिली खाच, बरोबर. दुसरी, बरोबर. मला वाटलं पुढे सापडेल. अकराच्या अकरा बरोबर. कडेवर नख फिरवलं. खरखरीत नाही.

मग नुसती रीत म्हणून माझी. पाच खाचा बरोबर. सहाव्या खाचेत गेज हललं.

मॅडमनी विचारलं, “कसं आहे?” मी म्हटलं, दोन्ही ठीक.

२० जुलै

रात्रभर वाटत होतं की गेज तिरकं धरलं असेल. सकाळी शेडमध्ये तयार असलेल्या सहा पट्ट्या काढल्या. सगळ्यांच्या मधल्या खाचेत गेज हलतं. मिलिमीटरचा दहावा भाग दाखवणारा व्हर्निअर लावला. बारा पूर्णांक सहा, बारा पूर्णांक सहा, सहाही वेळा तेच. बारा हवेत.

वीस हात या कडेला, वीस हात त्या कडेला. तो पॉलिश पेपर. आधी गेज लावून सही करायची आणि मग घासायचं. बारा वर्षं असंच. घासल्यावर कधी पुन्हा गेज लावलं नाही, कारण शेवटची नजर माझी होती ना!

खाच रुंद झाली म्हणजे तिच्यातून पाणी जास्त, टाकीत माती जास्त आणि वर अकराने गुणायचं. माझ्या पट्ट्यांनी दोनशे बारा ठिकाणी गेली नव्हती तेवढी माती गेली असं सांगितलं.

नकाशाकडे पाठ करून जेवलो. खरं लिहितो, इथे खोटं लिहून कुणाला दाखवायचं आहे? पहिला विचार देशाचा आला नाही, जुन्या साहेबांचाही आला नाही. पहिला विचार आला की अजिमची चूक निघाली असती तर किती बरं झालं असतं.

मॅडमना उद्या सांगेन.

२४ जुलै

सांगितलं नाही. दोनदा फोन लावला, दोनदा त्यांनी उचलायच्या आत कापला.

२८ जुलै

आता मला काहीच कळेनासं झालं आहे. वर्षाली मॅडमचा फोन, आवाजात खूप आनंद. अजिमने स्वतःहून पट्टी बदलून दुसरी लावली आणि काल-परवाच्या पावसात दोन्ही टाक्यांत माती सारखी भरली. शंभराला शंभर! “तुमच्या पत्राचा उपयोग झाला काका. त्यांनी दोष दूर केला. आता तुम्हा दोघांनाही निम्मं निम्मं काम देता येईल. सप्टेंबरपर्यंत थांबायला नको, शनिवारी सह्या करू.”

फोन ठेवल्यावर पाच मिनिटं मी सुखात होतो. वाटलं, माझा व्हर्निअरच खराब असेल. त्याची पट्टी माझ्याशी जुळली म्हणजे माझी बरोबर. प्रश्नच मिटला.

पण त्याच्या खाचा बारा होत्या, मी स्वतः गेज घातलं होतं. मग बरोबर असलेली पट्टी त्याने दुरुस्त कशी केली?

२९ जुलै

सकाळीच चाकणला गेलो. अजिमची शेड मी पहिल्यांदाच पाहिली. उघडताना त्याने बोलावलं होतं, तेव्हा मला ताप होता. ताप नव्हता. शेड माझ्यापेक्षा मोठी आणि झाडून लख्ख. लेझर मशिन बंद होतं. अजिम बाकावर वाकून हाताने पट्टी घासत होता. मधली खाच. हातात माझी जुनी कानस. बाजूला चाळीस पट्ट्यांची चळत.

मला बघून तो उठला. कानस पाठीमागे लपवली.

“काय करतोयस?”

“काय न्हाई उस्ताद. बसा की.”

मी चळतीतली वरची पट्टी उचलून मधल्या खाचेत गेज घातलं. हललं. दुसरी घेतली, हललं. व्हर्निअर खिशातच होता. बारा पूर्णांक सहा. चाळीसच्या चाळीस पाहिल्या नाहीत, पण दहा पाहिल्या. माझ्या पट्ट्यांत कधी केसभर इकडे तिकडे होतं, याच्या पट्ट्यांत तेवढंही नाही. तशा वेळीही माझ्या मनात आलं, हा माझ्याहून सफाईने चुकतो.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“बैठकीच्या आदल्या दिशीपासनं. नमुन्यासाठी तुमची एक जुनी पट्टी मापली. म्हटलं आधी तुमास्नी सांगावं, मंग हापिसात. तुमी फोनच उचलंना. ईदला आलो तर तुमी झोपलेले.”

“झोपलो नव्हतो.”

“ठावं हाय मला. तुमी झोपला की घोरता.”

मी बाकावर बसलो. विचारलं, मग हे घासायचं खूळ कुणी घातलं डोक्यात?

तो एका हाताने चळत सारखी करायला लागला. मग म्हणाला, “मॅडमनी तुमचा कागद दावला. माझी पट्टी गाळ धरती म्हणून. खाली तुमची सही. आता मी त्यांना काय सांगू, माझ्या उस्तादचं चुकलंय? ज्यानं मला कानस धराया शिकिवली त्याचं? म्हटलं आपणच जुळवून घ्यावं. दोघांचं सारखं भरलं की कोण इचारतंय.”

“आणि चारशे ठिकाणी खोटी माती मोजली गेली असती ती?”

“ती तुमची बारा वर्सं मोजली जातीच हाय की.” म्हणाला आणि लगेच कानाला हात लावला. “माफ करा उस्ताद, तोंडातून गेलं.”

मी कानस मागितली. “जाताना माझी कानस घेऊन गेलास, ती.”

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “घेऊन गेलो? तुमी दिली हुती. शेवटच्या दिशी, फडक्यात बांधून. म्हनाला, मशिन कितीबी घे, ही जवळ ठिव. भाभी हुत्या, भैरूकाका हुते. इसरला व्हय?”

विसरलो होतो. तीन वर्षं तो चोर होता तेच मला बरं पडत होतं.

अजिमच्या शेडमधूनच वर्षाली मॅडमना फोन लावला. या खेपेला कापला नाही. सगळं सांगितलं: मधली खाच, वीस-वीस हात, एकोणीस तारखेचं ‘दोन्ही ठीक’, आणि ते पत्र खोटं म्हणून परत द्या हेही. अजिमने पट्टी का बदलली ते सांगायला लागलो, तर तो हाताने नको नको करत होता. तरी सांगितलं. 

मग त्या म्हणाल्या, “काका, पत्र लिहिताना तुम्ही त्यांच्या पट्टीला गेज लावलं होतं?”

“नाही.”

“बरं,” म्हणाल्या. नुसतं बरं. शिव्या परवडल्या असत्या.

२ सप्टेंबर

देशभर निरोप गेला: प्रत्येक केंद्राने मधली खाच मोजून कळवावी. महिनाभर उत्तरं येत होती. मी रोज मॅडमना विचारतो, त्या मोजकंच बोलतात. आज स्वतःहून फोन केला. दोनशे बारांपैकी दोनशे चार ठिकाणची मापं आली. सगळीकडे बारा पूर्णांक सहाच्या आसपास. पहिल्या वर्षीची पट्टी असो नाहीतर गेल्या वर्षीची.

“सगळ्या पट्ट्या एकाच मापाने चुकल्यात,” त्या म्हणाल्या. “म्हणून जुने आकडे टाकून द्यावे लागणार नाहीत. एका गुणाकाराने सगळे खाली आणता येतील. वेगवेगळ्या चुकल्या असत्या तर बारा वर्षं पाण्यात गेली असती.”

कस्तुराला सांगितलं. ती म्हणाली, “मंग हसा की जरा.” हसायला आलं नाही. पण जेवलो पोटभर.

२१ सप्टेंबर

अपेक्षेप्रमाणे काम अजिमला. सगळी चारशे. त्याने घासलेल्या चाळीस पट्ट्या भंगारात काढल्या. माझ्या जुन्या पट्ट्याही पाळीपाळीने बदलणार, त्याही तोच करणार. खुपलं का? खुपलं. दोन महिन्यांत काय मी संत झालो नाही.

नव्या नियमावलीचा कागद त्याने मला पाठवला. देशातल्या प्रत्येक केंद्रावर हा कागद लावणार आहेत. सातव्या ओळीत लिहिलं आहे: ‘गेज तपासणीनंतर मधल्या खाचेस कानस लावू नये.’ नाव कुणाचं नाही. पण बारा भाषांत छापून जाणारं ते वाक्य माझ्यावर आहे, हे तिघांना माहीत आहे. चौथा भैरू. त्याने ते दोनदा वाचायला लावलं.

५ ऑक्टोबर

अजिमने चाकणला बोलावलं. पहिल्या पन्नास पट्ट्या तयार होत्या. म्हणाला, “गेज तुमच्या हातचं पायजे. तुमचं बघून झाल्याबिगर एकबी बाहेर जायची न्हाई.” रजिस्टरमध्ये तपासणीच्या रकान्यात त्याने माझं नाव आधीच छापून घेतलं होतं. मी थोडे आढेवेढे घेतले, फार नाही.

दुपारपर्यंत पन्नास झाल्या. ना अडकतं, ना हलतं. शेवटच्या पट्टीवर सही केली आणि सवयीने हात बाकावरच्या कानशीकडे गेला. मला कळलंही नाही. ती माझीच जुनी कानस, त्याने तिथेच ठेवली होती.  अजिमने त्याच हातात चहाचा कप दिला.

प्यायलो. चहा त्याचा माझ्यापेक्षा चांगला होतो, पण हे त्याला सांगणार नाही.